उकिरड्यावरचं बाळ

डोळे मिटा. आता असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात. जे खरोखरच दहा वर्षांचे आहेत, त्यांचं काम सोपं. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाण्याची बाटली, सकाळचं कोवळं ऊन. एका परक्या गावातल्या अरुंद गल्लीतून तुम्ही चालताय. दोन्ही बाजूंना बांबूच्या तट्ट्यांची घरं, दारात जास्वंद, दोरीवर वाळत घातलेले कपडे. बाकीची मुलं मागे माकडवाल्यापाशी रेंगाळली आहेत. तुम्ही एकटेच पुढे आला आहात.

गल्ली वळते. वळणावर कचऱ्याचा ढीग आहे. केळीची वाळकी पानं, नारळाच्या करवंट्या, अंड्यांची टरफलं, चुलीतली राख. ढिगाच्या माथ्यावर बांबूचं एक गोल सूप ठेवलंय आणि सुपातल्या कापडात काहीतरी हलतंय. मांजराचं पिल्लू असेल, असं तुम्हाला वाटतं. मग त्या कापडातून एक मूठ बाहेर येते. लिंबाएवढी. माणसाची.

आसपास कुणी नाही. काय कराल?

उत्तर लगेच देऊ नका. रेणूनं मात्र विचार करण्यात वेळ घालवला नाही. बाटली खाली टाकून ती ढिगावर चढली आणि तिनं बाळ उचललं.

मी वळणावर पोचले तेव्हा ती खाली उतरत होती. पाय गुडघ्यापर्यंत राखेत बुडालेले, छातीशी बाळ. ती रडत नव्हती. घाबरलेलीही दिसत नव्हती. वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवावं तशा आवाजात ती म्हणाली, "बाई, हे कुणीतरी टाकलंय."



आता थोडं मागं जायला हवं, म्हणजे आम्ही तिथं काय करत होतो ते कळेल.

इंडोनेशियाचा नकाशा काढा. त्यात जावा नावाचं आडवं, लांबट बेट सापडेल. त्याच्या साधारण मध्यावर बोट ठेवलंत, की मागेलांग हे गाव येतं. गाव छोटं. पश्चिमेकडून प्रोगो नदी जाते, पूर्वेकडून एलो, आणि दोन्हींच्या मधल्या उंचवट्यावर गाव वसलंय. चारी बाजूंना डोंगर आणि त्यांतले बरेचसे ज्वालामुखी. मेरापीच्या तोंडातून तर रोज सकाळी धूर निघताना दिसायचा. आमच्या घरी दूध उतू गेलं, की मुलं म्हणायची, "बाई, तुमचा मेरापी पेटला."

चाळीसेक वर्षांपूर्वी माझे यजमान तिथल्या एका सूतगिरणीत इंजिनियर होते. गिरणीत इचलकरंजी, सोलापूर, मालेगावकडची बरीच मंडळी आली होती. त्यांच्या मुलांना मराठी वाचायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून आमच्या व्हरांड्यात मी शाळा काढली. फळा होता, खडू होते. घंटा नव्हती, तर आम्ही पितळी तांब्या वाजवायचो.

शनिवारी मात्र व्हरांडा बंद. शनिवारी गाव हेच पुस्तक. आम्ही पायी भटकायचो आणि बरोबर असायचे पाक विर्यो. 'पाक' म्हणजे तिकडचं 'काका' किंवा 'साहेब'. ते निवृत्त शिक्षक होते. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, आणि शिकवायची एवढी हौस की वाटेतल्या कोंबडीलाही इतिहास सांगतील. ते त्यांच्या भाषेत सांगायचे, मी मुलांना मराठीत सांगायची. मला ते 'इबू' म्हणायचे, म्हणजे बाई. त्याच शब्दाचा अर्थ आई असाही होतो.

त्या शनिवारी त्यांनी आधी आम्हाला जुनी रेसिडेन्सी, म्हणजे डच अधिकाऱ्याचं घर, दाखवलं. त्याच्या दीडशे वर्षं आधी इथल्या एका राजपुत्रानं डचांशी पाच वर्षं लढाई केली. शेवटी डचांनी निरोप पाठवला, बोलणी करायला या. तो याच घरात आला, खुर्चीत बसला, आणि त्यांनी त्याला तिथंच कैद केलं.

"म्हणजे आग्र्यासारखंच की!" पद्या हुंडेकरी ओरडला. हा आमचा सोलापूरचा, वर्गातला सगळ्यात थोराड. "बाई, मग ह्यो पेटाऱ्यात बसून का नाही पळाला?"

मी त्याचा प्रश्न पाक विर्योंना सांगितला, आग्र्याच्या पेटाऱ्यांसकट. त्यांनी तो फार गंभीरपणे ऐकला. म्हणाले, "त्याला सांगा, की आमच्याकडची मिठाई केळीच्या पानात मावते. एवढा मोठा पेटारा दिसला असता, तर डचांना लगेच संशय आला असता."

तिथून आम्ही तीदार टेकडीकडे निघालो. ही टेकडी गावाच्या दक्षिण टोकाला आहे. पाक विर्यो चालता चालता तिची गोष्ट सांगत होते. फार पूर्वी जावा बेट समुद्रात तरंगायचं, हेलकावे खायचं. तेव्हा देवांनी बेटाच्या मधोमध एक खिळा ठोकला आणि ते स्थिर केलं. ती टेकडी म्हणजे त्या खिळ्याचं डोकं.

"उपटला तर?" पद्यानं विचारलं.

"तू उपटू नकोस म्हणून तर तुझ्याबरोबर मी चालतोय," पाक विर्यो म्हणाले.

रेणू हसली नाही. एरवी ती हसली असती. रेणू म्हणजे आमच्या गिरणीतल्या स्पिनिंग मास्तर चौगुल्यांची एकुलती एक मुलगी. गुटगुटीत, गणितात हुशार, घरची फार लाडकी. तिची आई तिच्या वेणीत रोज ताजं फूल माळायची आणि व्हरांड्यापर्यंत पोचवायला यायची. पण मे महिन्यात इचलकरंजीला जाऊन आल्यापासून ही मुलगी जरा गप्पच झाली होती. मला वाटलं, गावची आठवण येत असेल.

टेकडीच्या पायथ्याशी माकडवाला दिसला, मुलं तिथं थांबली, आणि रेणू एकटीच पुढे गेली.

आता परत त्या वळणावर चला.

"बाई, हे कुणीतरी टाकलंय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात शेजारच्या केळीच्या बेटातून किंकाळी आली.

एक तरुण बाई धावत बाहेर आली. विशीची असेल, अंगावर फिकट ब्लाउज, कमरेला गुंडाळलेलं बाटिकचं कापड. ती रेणूच्या अगदी समोर येऊन थांबली. हात पुढे केले. आणि बाळाला हात लावायच्या आतच चटका बसल्यासारखे मागे घेतले.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून एक म्हातारी आली. तिच्या एका हातात खराटा होता, दुसऱ्या हातात टोपली. रेणूला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. टोपली तिच्या हातून गळून पडली.

घराघरांतून माणसं बाहेर आली. आपल्याकडे असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती. इथं कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे नुसते बघत उभे राहिले, आणि त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

मग माझ्या लक्षात आलं, की ती तरुण बाई केळीच्या मागे लपून सगळं बघत होती. म्हणजे बाळ तिचंच होतं. माझं डोकं फिरलं.

"पाक विर्यो, तिला विचारा, लाज नाही वाटत? जिवंत लेकरू कचऱ्यात टाकते?"

पाक विर्यो धापा टाकत नुकतेच पोचले होते. त्यांनी सूप बघितलं, खराटा बघितला, रेणूच्या हातातलं बाळ बघितलं, आणि ते हसले. तिकडचा माणूस फार अवघडला की हसतो, हे मला तोपर्यंत ठाऊक झालं होतं. एवढं मोठं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"इबू," ते हळूच म्हणाले, "तिला रागावू नका. तिनं टाकलं नव्हतं. टाकल्यासारखं केलं होतं. आपण फार मोठा घोटाळा केलाय."

त्यांनी सांगितलं ते असं. त्या तरुण बाईचं नाव सुपार्ती. तिची आधीची दोन बाळं काही महिन्यांची होऊन गेली. हे तिसरं. हेही किरकिरं, अंगावर नीट पीत नाही. अशा वेळी त्या भागातली जुनी माणसं एक युक्ती करतात. आईनं बाळ नेऊन कचऱ्यावर ठेवायचं आणि दूर व्हायचं. जिची सगळी मुलं जगली आहेत अशी शेजारीण खराटा-टोपली घेऊन झाडायला येते, आणि म्हणते, अगंबाई, हे कुणी टाकलं? मग ती बाळ उचलते. त्या क्षणापासून बाळ तिचं. खरी आई फक्त ते सांभाळायला मागून नेते. आधीच्या दोघांना जो घेऊन गेला, तो परत सुपार्तीचं मूल शोधत येईल, तेव्हा त्याला ते सापडणार नाही. कारण सुपार्तीला मूलच नाही.

मी ऐकत होते आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं नाव कचरू होतं. लहानपणी त्यांनाही असंच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. आमच्या आळीत एक धोंडू होता, एक भिकू होता. हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे, ज्वालामुखीच्या कुशीत, माझ्या सासरचा उकिरडा माझ्यासमोर उभा होता.

"मग त्यात काय!" मी म्हणाले. "रेणू बाळ परत सुपात ठेवेल. आजी उचलतील."

पाक विर्योंनी ते त्या म्हातारीला सांगितलं. तिला सगळे म्बाह कार्सो म्हणायचे. 'म्बाह' म्हणजे आजी. तिनं नकारार्थी मान हलवली आणि ती एकच वाक्य बोलली.

"त्या म्हणतात, एकच थाप दोनदा कोण ऐकून घेतो? तो बघत असणार."

गल्लीतल्या दोन-तीन बायकांनी खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडाशी धरलं.

"मग आता हे बाळ कुणाचं?"

पाक विर्योंचं हसू गेलं. त्यांनी छत्रीचं टोक रेणूकडे केलं. "तिचं."

तोपर्यंत बाकीची मुलं येऊन पोचली होती. "आयला!" पद्या म्हणाला. "रेणी, तू आई झालीस की गं! आता होमवर्क कोण करणार तुझा?"

कुणी हसलं नाही.

म्बाह कार्सोनं पडलेली टोपली उचलली आणि ती शांतपणे सांगू लागली. झालं ते झालं. मुलगी परकी आहे, निरोगी आहे, तर चांगलंच आहे. मृत्यूला परकी माणसं ओळखता येत नाहीत. आता तिनंच बाळाचं नाव ठेवायचं, आणि सुपार्तीला म्हणायचं, माझं एवढं बाळ सांभाळ. म्हणजे सगळं जसंच्या तसं होईल. पण तिनं ते आपखुशीनं केलं पाहिजे. तिच्या हातून बाळ ओढून घेतलं, तर ते चोरलेलं होईल. चोरलेल्या मुलाचा माग निघतो.

मी हे रेणूला मराठीत समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. सुपार्ती तिच्यापुढे राखेत गुडघे टेकून बसली होती, हात जोडून. विशीची बाई, दहा वर्षांच्या पोरीपुढे.

"बाई," रेणू म्हणाली, "मुलगा आहे का मुलगी?"

मी विचारून सांगितलं, "मुलगी."

"नीट विचारा."

"अगं मुलगीच आहे."

रेणूनं त्या बाळाकडे बघितलं, मग सुपार्तीकडे. आणि अगदी खरंखुरं न कळून तिनं विचारलं, "मग तिला ही परत कशाला पाहिजे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"रेणे, काय बोलतीस!" पद्या म्हणाला.

"अगं बाळा, ती आई आहे तिची," मी म्हणाले.

"असू दे की. आईच टाकते ना!"

"टाकलं नव्हतं गं. मी आत्ता सांगितलं ना, ते नुसतं दाखवायला..."

"मोठी माणसं असंच सांगतात."

ती मागे सरली. एक पाऊल, दोन पावलं, पाठ बांबूच्या तट्ट्याला टेकली. बाळ हातांत आणखी घट्ट धरलं. सुपार्तीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. भाषा कळत नसली, तरी मागे सरणं सगळ्यांना कळतं.

म्बाह कार्सोला वाटलं, पोरीला नाव सुचत नसेल. ती मदत करायला पुढे आली. "बुआंग," ती म्हणाली, बाळाकडे बोट करून. "बुआंग."

"काय म्हणतात?" रेणूनं विचारलं.

खरं सांगायचं, तर तेव्हा मी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आलेल्या माणसाच्या तोंडून अर्थच बाहेर पडतो.

"हिचं नाव बुआंग ठेव म्हणतात. बुआंग म्हणजे टाकून दिलेली."

"नाही." तिचा आवाज एकदम वर चढला. "ते नाव नाही ठेवायचं!"

"अगं, हे फसवण्यासाठी असतं. वाईट नाव ठेवलं, की वाईट नजर तिकडे वळत नाही. आमच्या कचरूकाकांचं नाही का..."

"मावशीपण असंच सांगते!"

"कोण मावशी?"

रेणू थांबली. "आई," ती म्हणाली. मग खाली मान घालून, "माझी आई माझी मावशी आहे, बाई."

चौगुले वहिनी. वेणीत फूल माळणाऱ्या, व्हरांड्यापर्यंत येणाऱ्या. त्यांनी मला कधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"आणि माझं नाव रेणू नव्हतं. नकुसा होतं."

तुमच्यापैकी पुष्कळांना हे नाव माहीत नसेल. माहीत नसलं, तर बरंच आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या काही घरांत मुलीवर मुली झाल्या, की शेवटच्या मुलीचं नाव ठेवायचे नकुसा. नकोशी. म्हणजे देवानं ऐकावं आणि पुढच्या खेपेला मुलगा द्यावा.

रेणू बाळाकडे बघत बोलत होती, जणू त्यालाच सांगत होती.

"मेमध्ये गावी गेलो होतो. पाणंदीत एक म्हातारी म्हणाली, आगं, ही हौसाची नकुसा न्हवं? केवढी झाली! हौसा म्हणजे मावशीची बहीण. मी मावशीला विचारलं. मावशी लई रडली. म्हणाली, तुला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलं होतं ते नाव. पण बाई, माझ्या तिन्ही मोठ्या बहिणींची नावं चांगली आहेत. आणि माझ्या पाठीवर भाऊ झाला. त्याचं नाव विश्वजित." तिनं माझ्याकडे बघितलं. "त्याला दृष्ट लागत नाही का, बाई?"

पद्यानं माकडासाठी घेतलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्याच्या हातातून एकेक करून खाली पडत होत्या आणि त्याला ते कळत नव्हतं.

"काय म्हणाली ती?" पाक विर्योंनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली. मग ते सुपार्तीच्या शेजारी उकिडवे बसले आणि तिच्या भाषेत, अगदी हळू आवाजात, ते सगळं तिला सांगू लागले. मी त्यांना थांबवणार होते. पण थांबवलं नाही.

सुपार्तीनं ऐकलं. इतका वेळ ती फक्त बाळाकडे बघत होती. आता पहिल्यांदा तिनं रेणूकडे बघितलं. बराच वेळ. मग ती काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते," पाक विर्यो म्हणाले, "पहिल्या दोघींना मी फार सुंदर नावं दिली होती. दोघीही ती नावं घेऊन निघून गेल्या. हिला सुंदर नाव द्यायची भीती वाटते. ही मला ठेवायची आहे."

मी ते मराठीत सांगितलं. रेणूनं मान वर केली.

"दोघी?" ती म्हणाली. "म्हणजे त्यापण मुलीच होत्या?"

"हो."

"आणि ही तिसरी?"

"हो गं."

"तरी?"

पाक विर्योंना हा शब्द सांगायची गरज पडली नाही. कारण तेवढ्यात बाळ रडलं. रडलं म्हणजे काय, पातळ, चिरका आवाज, मांजरासारखा. आणि सुपार्तीच्या फिकट ब्लाउजवर छातीपाशी दोन ओले डाग उमटले. बघता बघता ते पसरत गेले. ती गोंधळली, कमरेच्या कापडाचं टोक वर ओढून झाकू लागली.

रेणूचे डोळे मोठे झाले. "बाई, तिला लागलंय का?"

"नाही गं. दूध आहे ते. बाळ रडलं, की येतं."

"आपोआप?"

"आपोआप."

"तिनं नको म्हटलं तरी?"

"तरी येतं. ते कुणाला थांबवता येत नाही."

रेणू त्या डागांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम आक्रसला. आता ही ओक्साबोक्शी रडणार, असं मला वाटलं. मी पुढे झाले. पण तिनं मान हलवून मला लांबच राहायला सांगितलं. नाक खांद्याला पुसलं, कारण हात मोकळे नव्हते.

"नाव मीच ठेवायचं ना?" तिनं विचारलं. "मी ठेवीन तेच?"

मी पाक विर्योंना विचारलं, त्यांनी म्बाह कार्सोला. म्हातारीनं जरा विचार केला आणि मान डोलावली.

रेणू तट्ट्यापासून सुटी झाली. सुपार्तीसमोर येऊन राखेत बसली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्याकडे बारशाला आत्या करते तसं "कुर्रर्र" केलं. त्या गल्लीत तो आवाज कुणी कधी ऐकला नसेल. बाळ रडायचं थांबलं. मग तिनं काहीतरी कुजबुजलं. मी दोन हात लांब उभी होते, मला ऐकू आलं नाही.

मग ती सुपार्तीच्या कानाशी वाकली. तिथंही तेच कुजबुजली. सुपार्तीनं ओठ न उघडता ते मनात म्हणून बघितलं, आणि मान डोलावली.

"माझं एवढं बाळ सांभाळ," रेणू मराठीत म्हणाली आणि तिनं ते तिच्या मांडीवर ठेवलं. सुपार्तीनं तिथंच, सगळ्यांसमोर, कापडाआड बाळाला छातीशी धरलं.

"काय नाव ठेवलंस?" पद्यानं विचारलं.

"तुला नाही सांगणार."

"बाईंना?"

"कुणालाच नाही."

म्बाह कार्सो मात्र अस्वस्थ होती. ती खराट्यावर रेलून पाक विर्योंशी कुजबुजली. त्यांनी मला सांगितलं, आणि मी रेणूला. नाव कानात ठेवलंस, छान केलंस. पण तो जो आसपास कान देऊन बसलाय, त्याला काय ऐकवायचं? त्याला काहीतरी ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर तो शोधत बसेल.

रेणूनं क्षणभर म्हातारीकडे बघितलं. मग ती उठली. वळली, आणि पुन्हा त्या ढिगावर चढली. करवंट्या घरंगळल्या, राख उडाली. रिकाम्या सुपाशेजारी ती उभी राहिली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि सगळ्या मागेलांगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली,

"बुआंग! बुआंग! इथं कुणी नाही! नुसता कचरा आहे! जा!"